कादंबरीचा खर्डा

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेखनाविषयी एखादा अभ्यासलेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा माझ्या टेबलावर माझ्याच कादंबरीचा तिसरा खर्डा पडलेला होता. अशा विषयावर ज्याची कादंबरी छापून झाली आहे त्याने लिहावे, असा संकेत आहे. माझी झालेली नाही. नऊ वर्षे मी तिच्यामागे आहे, आणि या नऊ वर्षांत लेखनाविषयी जे काही कळले ते बहुतांशी चुकांतून कळले. म्हणूनच ते विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या उपयोगाचे असू शकेल, असे वाटून होकार कळविला.

आपल्या जिल्ह्यात 'खर्डा' या शब्दाने तीन गोष्टी समोर येतात. एक, जामखेड तालुक्यातील गाव, जेथे 1795 मध्ये मराठे व निजाम यांची लढाई झाली. दुसरी, भाकरीवर घ्यावयाचा हिरव्या मिरचीचा खर्डा. तिसरी, कोणत्याही लिखाणाचे पहिले कच्चे रूप. कादंबरी लिहिणाऱ्यास या तिन्हींचा अनुभव एकाच टेबलावर येतो, एवढे सांगून विनोद आवरता घेतो.

कादंबरीच्या पहिल्या खर्ड्याविषयी आपल्याकडे काही कथा फार प्रिय आहेत. साने गुरुजींनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' अवघ्या पाच दिवसांत लिहिली. भालचंद्र नेमाडे यांनी 1963 मध्ये 'कोसला' काही आठवड्यांतच लिहून काढली आणि त्याच वर्षी ती देशमुख आणि कंपनीकडून प्रसिद्ध झाली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु वर्गात त्या सांगितल्या की मुलांच्या मनात एक चुकीची समजूत घट्ट होते : ज्याच्या अंगी गुण आहे त्याचे लिखाण झऱ्यासारखे येते, आणि ज्याला खोडाखोड करावी लागते त्याच्या अंगी तो गुण नाही.

माझीही हीच समजूत होती. साने गुरुजी त्या पाच दिवसांपूर्वी अंमळनेरच्या छात्रालयात काय करीत होते, हे मी कधी विचारले नव्हते. तेथे ते मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' स्वतःच्या हाताने लिहून काढीत. वसतिगृहातील मुलांना काय सांगावे, कोठे थांबावे, कोणत्या प्रसंगी मुले चुळबुळ करू लागतात, हे सारे त्या हाताला आधीच ठाऊक झालेले होते. जे पाच दिवसांत कागदावर उतरले ते पाच दिवसांत तयार झालेले नव्हते. नेमाड्यांचे उदाहरण तर दोन्ही बाजूंनी बोलते. 'झूल' 1979 मध्ये आली आणि तिच्यानंतरची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' 2010 मध्ये. ज्या लेखकाच्या वाट्याला एक कादंबरी काही आठवड्यांत आली, त्याच्याच दोन कादंबऱ्यांत एकतीस वर्षांचे अंतर पडले. वि. स. खांडेकर यांच्याविषयीही हेच. 1930 नंतरच्या दशकात एकामागून एक कादंबऱ्या देणाऱ्या या लेखकाची 'क्रौंचवध' 1942 मध्ये आली आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ नवी कादंबरी आली नाही. 'ययाति' 1959 ची. तिला ज्ञानपीठ मिळाले 1974 मध्ये. वेगाने लिहिणारा आणि अडून बसणारा अशा लेखकांच्या दोन जाती नाहीत, एकाच माणसाच्या आयुष्यातील ते दोन ऋतू आहेत, हे मला फार उशिरा उमगले.

आता माझ्या कादंबरीविषयी, कारण पुढील विवेचन तिच्यावाचून करता येणार नाही. विषय आहे 1972 चा दुष्काळ. माझी आजी त्या साली दुष्काळी कामावर खडी फोडीत होती. आई तेव्हा दहा वर्षांची होती आणि पाझर तलावाच्या कामावर भावंडे सांभाळीत बसे. मिलोची तांबडी भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, मुकादमाची हजेरी आणि सात कोसांवरून आणलेले पाणी या गोष्टी आमच्या घरी इतक्या वेळा सांगितल्या गेल्या होत्या की लिहावयास बसलो तेव्हा मला काही शोधावे लागले नाही. एका उन्हाळी सुट्टीत आणि त्यापुढच्या दोन-तीन महिन्यांत सात मोठ्या वह्या भरल्या. रात्री दहा ते एक. शाळा, तपासणीच्या उत्तरपत्रिका, घरचे आजारपण, कशाचीही आडकाठी वाटली नाही. शेवटच्या ओळीखाली तारीख घातली आणि मला वाटले, झाली कादंबरी.

यानंतरची दोन वर्षे माझ्या लेखनातील सर्वांत निराशेची वर्षे होत, आणि या लेखाचा खरा विषयही तोच आहे.

मी मराठीचा शिक्षक. वीस वर्षे हातात तांबडी पेन्सिल. पहिला खर्डा वाचावयास घेतला तो याच हाताने. आजी ज्या भाषेत बोलत होती ती मला आता 'अशुद्ध' दिसू लागली. या विद्यालयात आलो तेव्हा मी 'व्हतं' म्हणणारा, 'पानी' लिहिणारा मुलगा होतो. आमच्या गुरुजनांनी ती बोली आमच्याकडून मायेने आणि चिकाटीने सोडवून घेतली, आणि त्या प्रमाण भाषेच्या आधाराने आम्ही पुढील परीक्षा दिल्या, नोकऱ्या मिळविल्या. याबद्दलची कृतज्ञता येथे मनापासून नोंदवितो. तिच्यात कोठेही उपरोध नाही. परंतु पुनर्लेखनाच्या वेळी हाच उपकार माझ्या वाटेत आडवा आला.

एक उदाहरण देतो. पहिल्या वहीत आजीच्या तोंडी असे वाक्य होते : "खडी फोडून फोडून हाताला घट्टं पडलं, पर रडायला येळ कुनाला व्हता?" दुसऱ्या खर्ड्यात मी ते असे केले : "सतत खडी फोडल्यामुळे तिच्या हातांना घट्टे पडले होते, तथापि शोक करण्यास तिला अवकाश नव्हता." व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात बोट ठेवावयास जागा नाही. स्वल्पविरामसुद्धा योग्य ठिकाणी आहे. मी असा एकूण चारशे पानांचा मजकूर सुधारला. एकेका प्रकरणास तीन-तीन आठवडे लागले. सातवे प्रकरण, ज्यात तलावाच्या बांधावर एक बाळंतीण मरते, ते अकरा वेळा लिहिले, आणि प्रत्येक वेळी ते अधिक निर्दोष व अधिक निर्जीव होत गेले. काहीतरी बिघडत आहे एवढे कळत होते; काय, ते कळत नव्हते. म्हणून मी विशेषणे बदलीत राहिलो.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुनर्लेखनातील त्रासाचे खरे कारण श्रम हे नसते. श्रम तर खडी फोडण्यातही आहेत, पण तेथे संध्याकाळी ढीग मोजता येतो. पुनर्लेखनात दिवसभर राबून संध्याकाळी ढीग कमी झालेला असतो, आणि तो कमी झाला हे चांगले की वाईट हे सांगणारा कोणी नसतो. शिवाय दोष जेथे आपल्याला सलतो तेथे तो बहुधा नसतोच. माझे सातवे प्रकरण सलत होते. दोष पहिल्या पानापासून होता.

तो दाखविला माझ्या आईने. तिचे शिक्षण दुसरीपर्यंत. एका रविवारी पावसामुळे बाहेर जाता येईना, म्हणून मी तिला दुसरा खर्डा वाचून दाखवू लागलो. वीस-बावीस पाने तिने शांतपणे ऐकली. नंतर म्हणाली, "बाई चांगली हाय तुझी. पर ही आपली म्हातारी न्हाई. ही मास्तरीन हाय." एवढे बोलून ती उठली आणि चहा ठेवावयास गेली. मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही, हे कबूल करतो.

त्याच दिवसांत एका प्रकाशकाकडून हस्तलिखित परत आले होते. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या : भाषा सफाईदार आहे, परंतु अनुभव ऐकीव वाटतो. जी गोष्ट मी माझ्या आजीच्या मांडीवर ऐकली, जिच्या हाताचे घट्टे मी बोटांनी चाचपले होते, ती परक्या वाचकाला 'ऐकीव' वाटली. आईचे एक वाक्य आणि प्रकाशकाच्या दोन ओळी शेजारी ठेवल्या तेव्हा त्या एकच गोष्ट सांगत असल्याचे दिसले.

मग मार्ग कोणता? सारी कादंबरी बोलीत लिहावी काय? ते करून पाहिले. चाळीस पानांनंतर तेही खोटे वाटू लागले. कारण आजीची भाषा आता माझी राहिलेली नाही. मी ती ऐकू शकतो, तिच्यात चोवीस तास राहू शकत नाही. मी आजीसारखा बोलण्याचे सोंग आणू लागलो होतो, आणि सोंग हे शुद्धलेखनाहून वाईट. या पेचात असताना मी आपल्याच जिल्ह्यातील एका पुस्तकाकडे पुन्हा वळलो. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांचे 'बलुतं' 1978 मध्ये ग्रंथालीने प्रसिद्ध केले. ते कादंबरी नव्हे, आत्मकथन आहे. परंतु रचनेचा जो प्रश्न मला छळत होता तो त्यांच्यापुढेही असला पाहिजे, असे मला दिसले. गावातला दगडू मारुती पवार आणि शहरात कवी म्हणून नाव मिळविलेला दया पवार हे एकाच देहात राहतात. पुस्तकात दगडू बोलतो आणि दया पवार ऐकतो. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्या स्वतःला बोलू दिले आहे, आणि आपण ऐकत आहोत हे लपविलेले नाही. विद्यार्थिदशेत मी हे पुस्तक त्यातील दुःखासाठी वाचले होते. आता ते मी सुतार दुसऱ्याच्या दाराची चौकट पाहतो तसे पाहिले. सांधा कोठे आहे, हे पाहिले.

तेथून तिसऱ्या खर्ड्याची दिशा मिळाली. कादंबरी सांगणारा एक नातू असेल. तो माझ्यासारखी, म्हणजे शाळेत शिकलेली मराठी बोलेल. आजी तिची भाषा बोलेल. नातवाला जेथे तिचा शब्द कळत नाही तेथे तो विचारील, आणि कधी कधी ती सांगणार नाही. दोन भाषांमधील अंतर झाकण्याऐवजी तेच कादंबरीत आणावयाचे. हे लिहिताना फार सोपे वाटते. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की दोन वर्षांच्या श्रमाची चारशे पाने बाजूला ठेवून पहिल्या सात वह्यांकडे परत जावयाचे.

आणि वह्या सातच्या सात नव्हत्या. घरी दिवाळीची साफसफाई झाली तेव्हा टंकलिखित प्रत तयार आहे, आता या जुन्या वह्यांचे काय काम, म्हणून मीच तीन वह्या रद्दीत दिल्या होत्या. मीच, दोष दुसऱ्या कोणाचा नाही. टंकलिखित प्रतीची कथाही सांगण्यासारखी आहे. ती जुन्या फाँटमध्ये केलेली होती. नव्या संगणकावर उघडली तेव्हा पानभर चौकोन आणि इंग्रजी अक्षरांचे कडबोळे दिसले. सुदैवाने एक छापील प्रत होती. पण ती दुसऱ्या खर्ड्याची, म्हणजे मास्तरणीची.

तीन वह्यांचा मजकूर पुन्हा कसा मिळवावा, याचा विचार करीत असताना मला म्हाइंभट आठवले. मराठी गद्याचा आरंभ ज्या 'लीळाचरित्रा'ने झाला त्याचे कर्ते म्हाइंभट आपल्या गोदाकाठच्या सराळ्याचे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करण्यासाठी ते ज्याच्या त्याच्याकडे गेले, ज्याने जे पाहिले ते त्याच्याकडून ऐकून घेतले आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले. एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या आठवणी निराळ्या निघाल्या तर तो निराळेपणा दडविला नाही. पुढे धामधुमीच्या काळात मूळ पोथी नष्ट झाली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांनी ती आठवून पुन्हा सिद्ध केली, म्हणून तिचे निरनिराळे पाठ झाले, असे महानुभाव परंपरा सांगते. एवढ्या मोठ्या ग्रंथाशी माझ्या वह्यांची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करीत नाही. मी केवळ त्यांची रीत उचलली. आई, दोन मावश्या, आणि आजीबरोबर त्याच कामावर असलेल्या गावातील एक वृद्ध आजीबाई, यांच्याकडे वही घेऊन गेलो. तीन वह्यांतील मजकूर परत मिळाला नाही. त्याच्या जागी दुसराच मिळाला. बांधावर मेलेली बाळंतीण आमच्या घरच्या कथेत निपुत्रिक होती. मावशीच्या आठवणीत तिची एक मुलगी जगली आणि पुढे तिचे लग्न शेवगावकडे झाले. आई म्हणते, असे काही झाले नाही. सातवे प्रकरण मी या वादावरच उभे केले, आणि ते बाराव्या वेळी उभे राहिले.

पुनर्लेखन म्हणजे भर घालणे, अशी साधारण समजूत असते. आपल्या जिल्ह्यानेच दुसरे उदाहरण घडविले आहे. नेवाश्यास शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढे तीन शतकांत नकला होता होता तिच्यात पुष्कळ अपपाठ शिरले. शके 1506, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये एकनाथांनी निरनिराळ्या प्रती जुळवून ते दूर केले. स्वतः थोर कवी असूनही त्यांनी तेथे आपले कवित्व चालविले नाही. माझ्या तिसऱ्या खर्ड्याचे पुष्कळसे काम याच जातीचे होते. मधल्या नकलकाराने केलेली भर काढावयाची. हा नकलकार मीच होतो, म्हणून ती काढताना अधिक दुखले. 'तथापि' हा शब्द मी त्या हस्तलिखितातून एकशे तेहतीस ठिकाणी खोडला. (या लेखात तो येऊ नये असा प्रयत्न केला; उदाहरणातील वाक्यात मात्र त्याने प्रवेश मिळविलाच.)

कच्चे लिखाण कोणाला दाखवावे, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. याचे उत्तर नगरच्या भुईकोट किल्ल्याकडे बोट दाखवून देता येते. 1942 च्या ऑगस्टपासून पंडित नेहरू तेथे बंदी होते. एप्रिल ते सप्टेंबर 1944 या पाच महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'ची सुमारे हजार पाने हाताने लिहिली. सोबतच्या बंद्यांपैकी काहींनी ते हस्तलिखित वाचून सूचना केल्या, आणि तुरुंगातच फेरतपासणी करताना त्यांचा उपयोग करून घेतला, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. ते सोबती कोण होते हे पाहिले की त्या लेखकाचा हेवा वाटतो. मौलाना आझाद होते, गोविंद वल्लभ पंत होते, बौद्ध तत्त्वज्ञानाचे व्यासंगी आचार्य नरेंद्र देव होते. एवढे वाचक आपल्याला मिळणार नाहीत, हे उघड आहे. परंतु ते वाचक मिळण्याचे कारण विद्वत्ता हे एकच नव्हते. त्यांना वेळ होता, ते लेखकाला भीत नव्हते, आणि लेखकाने त्यांना वाचावयास दिले होते. माझ्या आईपाशी यांतील दोन गोष्टी होत्या. तिसरी मी तब्बल दोन वर्षे केली नव्हती.

वाचून दाखविताना काय विचारावे, हेही शिकावे लागते. "कसे वाटले?" असे विचारले की माणसे "छान" म्हणतात. आपल्याकडे शिकलेल्या मुलाचे मन मोडू नये अशी रीत आहे, ती चांगलीच आहे, पण ती हस्तलिखिताच्या कामाची नाही. मी आता विचारतो, "कुठं कंटाळा आला?" किंवा "हे असं म्हणेल का ती?" प्रश्न इतका लहान केला की उत्तर मिळते. मावशी तर वाचन चालू असताना स्वेटर विणीत बसे. तिच्या सुया जेथे वेगाने चालू लागत तेथे मी समासात फुली करी. कंटाळ्याचे इतके प्रामाणिक मोजमाप मला दुसरे मिळालेले नाही.

बाहेरच्या जगातील एकच दाखला घेतो, कारण तो पालकांनाही धीर देणारा आहे. अमेरिकेतील हार्पर ली या तरुण लेखिकेने 1957 मध्ये एका प्रकाशनसंस्थेला कादंबरी दिली. तिच्यात नायिका मोठी होऊन गावी परतते आणि तिला बालपण आठवते. टे होहॉफ या संपादिकेने त्या लेखिकेला पुनर्लेखनास बसविले. ते काम दोन वर्षांहून अधिक चालले आणि त्यातून आठवणींतले बालपण हीच मुख्य कथा झाली. एकदा वैतागून लीने हस्तलिखित खिडकीतून बर्फात फेकले आणि संपादिकेने तिला खाली जाऊन ते गोळा करावयास लावले, असे सांगतात. 1960 मध्ये प्रसिद्ध झालेली 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ती हीच. पहिला खर्डा 'गो सेट अ वॉचमन' या नावाने 2015 मध्ये छापून आला, त्यामुळे आज दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. इंग्रजी वाचणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी हा अभ्यास जरूर करावा. वाक्ये गुळगुळीत करणे म्हणजे पुनर्लेखन नव्हे; गोष्ट कोणाची आहे हे शोधणे म्हणजे पुनर्लेखन, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके व्याख्यानाने होत नाही. आपल्याकडे लेखकाला असे बसविणारे संपादक थोडे. बहुतेकांना ते काम घरच्या माणसांकडून करून घ्यावे लागते.

तपशिलाच्या चुकांविषयी थोडे. भाषेच्या गोंधळातून बाहेर पडल्यावर मला दिसले की माझ्या आजीच्या तोंडी 1972 मध्ये 'रोजगार हमी कायदा' असे शब्द होते. कायदा 1977 चा आहे. त्या साली आमच्या बायका 'दुष्काळी काम' एवढेच म्हणत. तसेच चौथ्या प्रकरणात गरोदर असलेली बाई दहाव्या प्रकरणात, म्हणजे चौदा महिन्यांनंतरही, गरोदरच होती. यावर उपाय साधा आहे. एका मोठ्या कागदावर महिन्यांचे रकाने आखून भिंतीला लावावेत आणि प्रत्येक पात्राचे वय, पाऊसपाणी, सणवार त्यात भरावेत. हा कागद पहिल्या खर्ड्याआधी करू नये. आधी केला तर तो भरण्यातच समाधान मिळते आणि कादंबरी राहून जाते. माझे दोन मित्र अशा तक्त्यांवरच थांबले आहेत. तक्ते फार सुंदर आहेत.

आणखी एक, कोणताही खर्डा टाकू नये. प्रत्येकावर तारीख घालावी. ट्रंकेत जागा नसेल तर आणखी एक ट्रंक घ्यावी. यापेक्षा अधिक स्पष्टीकरण माझ्या तीन वह्यांनंतर आवश्यक नाही.

फेरतपासणी केव्हा संपवावी, याचे उत्तर मला सापडलेले नाही, आणि ज्यांचे उदाहरण आपण या विद्यालयात लहानपणापासून ऐकत आलो त्यांच्याकडूनही ते मिळत नाही. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथावर अनेक वर्षे काम केले. जाणकारांची मते अजमावण्यासाठी आधी मोजक्या प्रती छापून त्यांच्याकडे धाडल्या. नानकचंद रत्तू हे त्यांचा मजकूर टंकलिखित करीत. 5 डिसेंबर 1956 च्या रात्री प्रस्तावनेचा टंकलिखित मजकूर पुन्हा पाहावयाचा म्हणून बाबासाहेबांनी तो आपल्याजवळ ठेवावयास सांगितला. ग्रंथ प्रसिद्ध झाला 1957 मध्ये. हा प्रसंग दरवर्षी वसतिगृहात सांगितला जाई आणि आम्ही मुले त्यातील शेवटाने गहिवरून जात असू. आज मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एवढ्या प्रचंड विद्वत्तेच्या माणसालाही एकदा लिहून झालेला, टंकलिखित झालेला मजकूर पुन्हा पाहावासा वाटत होता. मी सातव्या प्रकरणाच्या नवव्या खेपेस स्वतःची जी लाज बाळगली ती अनाठायी होती.

तिसरा खर्डा गेल्या महिन्यात संपला. प्रकाशकाकडे अजून पाठविलेला नाही. आईला शेवटच्या प्रकरणापर्यंत वाचून दाखविला. या वेळी ती मध्ये उठली नाही. एका ठिकाणी मात्र तिने हात वर केला. तलावाचे काम बंद झाले त्या दिवशी बायका टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसतात, असे मी लिहिले आहे. आई म्हणाली, "टोपल्या सरकारी व्हत्या. त्या आधीच गोळा करून नेल्या. आमी भुईवर बसलो." मी विचारले, "नक्की?" ती म्हणाली, "मी व्हते ना तितं."

ते पान उद्या पुन्हा लिहावयाचे आहे. टोपल्यांवर पुढची दीड पाने अवलंबून आहेत.